आठशे शब्दांत बाई

२५ जानेवारी २०२५, शनिवार. संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली तेव्हा मी माहीमला आईकडे होते. १३९ नावं होती: ७ पद्मविभूषण, १९ पद्मभूषण, ११३ पद्मश्री. महाराष्ट्रातली नावं आईला वाचून दाखवत होते. मारुती चितमपल्ली, बारीपाड्याचं जंगल राखणारे चैत्राम पवार, अशोक सराफ. अशोक सराफांचं नाव ऐकून आई खूश झाली. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "आपल्या बाईंना नाही का गं देत असलं काही?"

"त्यांचं नाव कुणी पाठवलंय का?"

"अगं बाई, पाठवावं लागतं होय?"

मलाही नीट माहीत नव्हतं. त्या रात्री मोबाइलवर शोधत बसले आणि कळलं की कोणीही नागरिक कोणाचंही नाव पाठवू शकतो. गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर अर्ज भरायचा असतो, फी नसते, आणि आमदार-खासदारांच्या पत्राची अट नसते. आमच्या गल्लीत पन्नास वर्षं सगळे समजून होते की हे 'वरून' ठरतं. समित्या आणि मंजुरी वरच्याच, पण नाव खालून जाऊ शकतं, हे मला वयाच्या ४४व्या वर्षी कळलं. पुढचं वर्षभर आम्ही काय केलं ते इथे लिहिते आहे. असं नाव पाठवावंसं वाटणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

बाईंचं नाव लिहिणार नाही. अर्जाला हो म्हणताना त्यांनी घातलेली ती पहिली अट आहे.

बाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. १९७४ साली लागल्या, २००६ साली निवृत्त झाल्या. शाळेची इमारत एकच, खाली मराठी माध्यम, वर उर्दू. बाई वरच्या मजल्यावर उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवायच्या. मी खालच्या मजल्यावरची, म्हणजे तशी त्यांची विद्यार्थिनी नाही. पण मधल्या सुट्टीत दोन्ही मजल्यांची मुलं त्यांनी एका पंगतीत बसवली होती आणि त्या पंगतीत मी चार वर्षं जेवले. माहीम ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको: मखदूम शाहबाबांचा दर्गा, बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांची माणसं जिथे रांग लावतात ते सेंट मायकल चर्च, शितलादेवीचं देऊळ, कोळीवाडा, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. लोक शेजारी राहतात म्हणून एकमेकांना ओळखतातच असं नाही, असं बाई तेव्हाही म्हणायच्या.

फेब्रुवारीत त्यांना विचारायला गेले. बाईंनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. आठवड्याने पुन्हा गेले, पुन्हा नाही. "अगं, ते मोहल्ला कमिटीचं काम होतं. वीस-बावीस माणसं होती. माझ्या एकटीचं नाव घातलंस तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू मी?"

मोहल्ला कमिटी म्हणजे गल्लीतल्या वेगवेगळ्या धर्मांच्या माणसांना एकत्र बसवून भांडणं आणि अफवा मिटवणारी समिती. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पद्म पुरस्कार व्यक्तीला मिळतो, मंडळाला किंवा समितीला नाही. आणि माणसं जोडण्याचं काम एकट्याने होतच नाही. या पेचावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते चाचांनी दिलं. चाचा आमच्या भागातले शिंपी, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, बाईंबरोबर कमिटीत पहिल्या दिवसापासून. तिसऱ्या खेपेला त्यांना सोबत नेलं. ते बाईंना म्हणाले, "बाई, दर्ग्याच्या उरुसाला पहिला संदल पोलिसांचा असतो. म्हणून उरूस काय पोलिसांचा होतो? कुणीतरी पुढे चालायला लागतं." बाई बराच वेळ गप्प होत्या. मग अटी सांगितल्या. नाव कुठे छापायचं नाही, वर्गणी काढायची नाही, आणि जे लिहाल त्यात कमिटीतल्या माणसांची नावं आली पाहिजेत.

तुम्ही कुणाचं नाव पाठवणार असाल तर आधी त्या माणसाची संमती घ्या. आणि ती घाईघाईत फोनवर घेऊ नका. आमचे ते तीन चहा पुढे फार उपयोगी पडले, कारण बाई नाही म्हणताना जे बोलल्या तेच अर्जाचा गाभा ठरलं.

१५ मार्चला अर्ज घ्यायला सुरुवात झाली, शेवटची तारीख ३१ जुलै होती. रमजान चालू होता, म्हणून १६ मार्चला रविवारी इफ्तारनंतर चाचांच्या दुकानात आम्ही चौघं बसलो: मी, चाचा, कोळीवाड्यातली मावशी आणि बाईंचा एक जुना विद्यार्थी, जो आता टॅक्सी चालवतो. कपड्यांचे तागे बाजूला सारून मधोमध लॅपटॉप ठेवला. मी पोर्टलवर खातं उघडलं, मोबाइलवर ओटीपी आला. अर्ज उघडल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की माहितीचे रकाने फार नाहीत. नाव, जन्मतारीख, पत्ता, कार्यक्षेत्र, आधी मिळालेले सन्मान. सगळा भार एका रकान्यावर होता: कार्याचं वर्णन, जास्तीत जास्त ८०० शब्द.

पात्रतेचा प्रश्न आधी सोडवला. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी सेवेत असताना पात्र नसतात, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून. बाई निवृत्त होऊन १९ वर्षं झाली होती, त्यामुळे अडचण नव्हती. मरणोत्तर पुरस्कार सहसा दिला जात नाही, हेही नियमांत वाचलं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे जितेपणीच करायला होवा." त्या वाक्यानंतर कामाला वेग आला, कारण बाई ७६ वर्षांच्या होत्या.

नियम वाचताना एका ओळीवर मी थांबले. पद्म पुरस्कार १९५४ पासून दर वर्षी जाहीर होतात, अपवाद १९७८, १९७९ आणि १९९३ ते १९९७ या वर्षांचा. यातल्या दुसऱ्या खंडाच्या काळात हे पुरस्कार म्हणजे घटनेने बंद केलेले किताब तर नाहीत ना, हा वाद न्यायालयात होता. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते किताब नाहीत, पण नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत. मी थांबले ते वर्षांमुळे. १९९३ ते १९९७. बाईंनी सगळ्यात जास्त काम केलं ती हीच वर्षं.

एप्रिल कागदांत गेला. बाईंच्या आधारवर आणि शाळेच्या कागदांवर नावं वेगळी, एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं. जन्मतारीख दोन्हीकडे १ जून. त्यांच्या वयाच्या कितीतरी माणसांची ती १ जूनच असते, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली. सेवेचा दाखला मिळवायला एका कार्यालयात पाच वेळा गेले. प्रत्येक वेळी वेगळ्या टेबलावर पाठवलं. चौथ्या खेपेला कळलं की जुनी दप्तरं दुसऱ्या इमारतीत हलवली आहेत. पाचव्या खेपेला तिथे कुलूप होतं. उन्हात जिन्यावर बसून मला रडू आलं, दाखल्यासाठी नव्हे. या माणसाने ३२ वर्षं या शहराच्या मुलांना शिकवलं आणि त्याची एक ओळ सापडू नये, याचं वाईट वाटलं. घरी आल्यावर बाईंनी शांतपणे पत्र्याच्या पेटीतून पेन्शनचा आदेश काढून दिला. त्यावर नेमणुकीची तारीख, निवृत्तीची तारीख, पदनाम, सगळं होतं. तेव्हा आधी घरातली पेटी उघडा, पेन्शनचे कागद बघा, कार्यालयाचं नंतर.

याच महिन्यात एका गृहस्थांचा फोन आला. आम्ही अर्ज भरतोय हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. 'दिल्लीत ओळख आहे, फाइल पुढे सरकवून देतो, पंचवीस हजार.' मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. असा फोन तुम्हाला आला तर तुम्हीही ठेवा. दर वर्षी पंतप्रधान एक समिती नेमतात, कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात, गृह सचिव आणि राष्ट्रपतींचे सचिव असतात, चार ते सहा मान्यवर असतात. त्यांच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जातात. ही सगळी माहिती उघड आहे. मध्यस्थाला तिथे जागा नाही. आणि पुरस्कारासोबत पैसेही नसतात. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, एवढंच. रेल्वे-विमानाची सवलतसुद्धा नाही.

मे महिन्यात मी ८०० शब्द लिहायला बसले. पहिला खर्डा एका रात्रीत झाला आणि मला आवडलाही होता. त्यात त्यागमूर्ती होतं, सर्वधर्मसमभावाचं चालतंबोलतं प्रतीक होतं, ज्ञानाचा वसा होता. चाचांना वाचून दाखवला. त्यांनी कात्री खाली ठेवून सगळं ऐकलं आणि विचारलं, "छान आहे. पण यात बाई कुठे आहेत?"

मग आधी अशा कामाला पुरस्कार मिळालेल्यांबद्दल वाचत गेले. २०२० च्या यादीत पुण्याचे सय्यदभाई होते. हमीद दलवाईंनी १९७० साली स्थापलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळात ते सुरुवातीपासून होते, तलाकपीडित बायकांसाठी आयुष्यभर झगडले. त्याच यादीत अयोध्येचे मोहम्मद शरीफ होते. सायकली दुरुस्त करणारा माणूस, मुलगा गमावल्यावर बेवारस मृतदेहांना ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे निरोप देत राहिला. दोघांविषयी वाचताना एक गोष्ट ठळक दिसली. त्यांच्याबद्दल विशेषण न वापरता सांगता येतं. त्यांनी काय केलं ते एका क्रियापदात मावतं.

बाईंचं क्रियापद कोणतं? इथे मी खरोखर अडकले. शरीफचाचांनी प्रेतांना अग्नी दिला, माती दिली. ते घडलं, लोकांनी पाहिलं. बाईंच्या कामाचं फळ म्हणजे काहीतरी न घडणं. दगड पडला नाही. दुकान जळलं नाही. कुणी कुणाच्या दारावर गेलं नाही. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा?

जुने अंक बघायला दादरच्या एका ग्रंथालयात तीन शनिवार गेले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ चे अंक चाळणं सोपं नव्हतं. मुंबईतल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने त्या दोन महिन्यांतल्या मृत्यूंचा आकडा ९०० दिला आहे, आणि अंक चाळताना तो आकडा एकेक करून पुढे येतो. मग १२ मार्चचे बॉम्बस्फोट. त्या दिवशी माहीमच्या मच्छीमार वसाहतीवर हातबॉम्ब फेकले गेले, मावशींची नात्यातली माणसं तिथे होती. सगळं पानभर छापलेलं. आमच्या गल्लीबद्दल एक ओळ नाही. असणार तरी कशी? तिथे काही झालंच नव्हतं.

पुरावा सापडला तो पुन्हा बाईंच्याच पेटीत, आणि तोही अपघाताने. पेन्शनचा आदेश परत ठेवायला गेले तर खाली वह्या होत्या. शंभरपानी, दोरीने बांधलेल्या, एकूण २३. १९९३ ते २०१९ पर्यंतच्या प्रत्येक बैठकीची नोंद. मी विचारलं, "बाई, हे तुम्ही सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "अगं, ते चहाचे हिशोब आहेत."

खरंच चहाचे हिशोब होते. तारीख, कोण कोण आलं, चहा किती कप, पैसे कुणी दिले. आणि शेवटी एक-दोन ओळी. 'नळाच्या पाण्यावरून भांडण. दोन्ही बायका बोलल्या. मिटलं. चहा १८.' 'भोंग्याचा विषय. ठरलं: परीक्षा संपेपर्यंत दोन्हीकडचे आवाज कमी. चहा ३१.' 'अफवा. मी आणि मावशी पाहून आलो. काही नाही. चहा ९.'

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघांनी सगळ्या वह्या वाचल्या. माझी मुलगी तारखा टिपून घेत होती. बैठका ६११ भरल्या. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले, त्यातला एक माहीमला. बाईंच्या वहीत दुसऱ्या दिवसाची नोंद आहे, अक्षर नेहमीपेक्षा वाकडं: '४१ माणसं. रक्त द्यायला १७ तयार. नावं मागच्या पानावर. रात्री दोघं दोघं जागणार, एक इकडचा एक तिकडचा.' मागच्या पानावर १७ नावं आहेत, त्यात नऊ त्यांच्या उर्दू वर्गातली मुलं. त्यापुढची नोंद १९ जुलैची: 'कुणी कुणाच्या घरावर गेलं नाही. जागणं बंद. चहा २६.'

टॅक्सीवाला विद्यार्थी ते वाचून उठून बाहेर गेला. त्या १७ मध्ये त्याचं नाव होतं.

खर्डा फाडला आणि नवीन लिहिला. पहिलं वाक्य साधं ठेवलं: २६ वर्षांत ६११ वेळा माणसांना एका खोलीत आणून बसवलं. पुढे चार प्रसंग तारखांसह. मोहल्ला कमिटी म्हणजे काय हे दिल्लीत वाचणाऱ्याला कळावं म्हणून तीन वाक्यं घातली. भिवंडीत १९८० च्या दशकाअखेर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मग मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी ते काम हाती घेतलं. त्या साखळीत आमच्या गल्लीची छोटी कडी कुठे बसते, ते सांगितलं. कमिटीतल्या २१ जणांची नावं घातली. नावांतच ४५ शब्द गेले. मी थोडी काचकूच केली, पण चाचा म्हणाले, "बाईंना शब्द दिलाय."

अर्जात आणखी एक प्रसंग सविस्तर लिहावासा वाटला होता, तो शब्दमर्यादेत बसला नाही, म्हणून इथे लिहिते. वह्या २०१९ ला थांबल्या तरी बाई थांबल्या नव्हत्या. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. मुंबईत जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं मुस्लिम समाजाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं आणि शासनानेही ईदची सुट्टी २९ ला नेली. हे सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. पण गल्लीत प्रश्न वेगळाच होता. विसर्जनाहून माणसं पहाटे परततात, रस्त्यावर गुलाल, निर्माल्य, पाण्याच्या बाटल्या, आणि काही तासांत तिथूनच जुलूस जायचा. तो रस्ता कोण झाडणार? ७५ वर्षांच्या बाई महिनाभर आधी मंडळाच्या पोरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी तुमच्यासाठी दिवस सोडला. तुम्ही त्यांच्यासाठी रस्ता झाडाल का?" २९ च्या सकाळी पोरांनी न झोपता रस्ता झाडला, पाणी मारलं. कुठे बातमी नाही, फोटो नाही.

कार्यक्षेत्र कोणतं निवडायचं यावर आमचे दोन रविवार गेले. 'साहित्य आणि शिक्षण' की 'समाजकार्य'? शिक्षिका म्हणून पहिलं सरळ वाटत होतं. पण शिक्षणात लिहिलं की पुस्तकं, संशोधन, संस्था अशी अपेक्षा येते, आणि बाईंचं खरं काम शाळा सुटल्यावरचं. समाजकार्य निवडलं. मात्र वर्णनात शिकवण्याला पूर्ण परिच्छेद दिला, कारण त्या १७ मधली नऊ मुलं तिथूनच आली होती.

जून-जुलैत सोबत जोडायला पत्रं गोळा केली. पत्रं जोडलीच पाहिजेत असं नाही. आम्हाला वाटलं, वह्यांबरोबर माणसांचा आवाज असावा. ठरावीक मजकूर टाइप करून सह्या घेऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. लोकांना त्यांच्या भाषेत लिहू द्या. मावशींनी सांगितलं, मी लिहून घेतलं: 'बाय पहिल्यांदा माझ्या घरान आली ती मासली घ्याला न्हाय, माझ्या पोराच्या बारशाला.' मी एकही शब्द बदलला नाही, खाली इंग्रजी भाषांतर दिलं. एका निवृत्त हवालदारांनी वहीच्या अर्ध्या पानावर लिहिलं की या गल्लीत बंदोबस्त लागला की आम्हाला जेवण मिळायचं आणि झोपही मिळायची.

६ जुलैला रविवारी आषाढी एकादशी होती आणि त्याच दिवशी मोहरमचा आशुरा. बाई पहाटेच वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन आल्या. मी पत्रांसाठी दुपारी पोहोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सबील लागली होती, पोरं येणाऱ्याजाणाऱ्याला सरबत देत होती. एका पोराने बाईंपुढे पेला धरला आणि लगेच मागे घेतला, "बाई, तुमचा उपास ना?" बाई म्हणाल्या, "लिंबाचंच आहे ना? दे. उपासाला चालतं." तिथेच उभ्या राहून प्याल्या. त्याच दिवशी त्यांच्या एका विद्यार्थिनीने, जी आता स्वतः उर्दू शाळेत शिकवते, मला उर्दूत लिहिलेलं पत्र दिलं. मला वाचता येईना. तिने तिथेच मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं, थांबत थांबत, योग्य शब्द शोधत. एका शब्दाला अडली तेव्हा बाईंकडेच बघितलं. बाईंनी शब्द सांगितला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पत्र त्यांच्याचबद्दल आहे.

अर्ज २७ जुलैला भरायचं ठरवलं होतं, मुद्दाम चार दिवस हातात ठेवून. ते बरं झालं. त्या रविवारी पावसात घरचं इंटरनेट गेलं आणि वर्णन अर्धं चिकटवलेलं होतं. सोमवारी ऑफिस सुटल्यावर चाचांच्या दुकानात बसून भरलं. तिथे जे शिकले ते सांगते. वर्णन आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून शब्द मोजून ठेवा, माझे शेवटी ७९४ झाले. कागद स्कॅन करून पीडीएफ हलकी करून ठेवा, नावं इंग्रजीत आणि छोटी द्या. जन्मतारीख आणि नाव आधारवर आहे तसंच लिहा. अर्ज गेल्यावर जो क्रमांक येतो तो लगेच वहीत उतरवून घ्या. आमचा क्रमांक चाचांनी खडूने दुकानाच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला लिहिलाय.

खर्च विचारणारे खूप भेटले म्हणून सांगते. झेरॉक्स, स्कॅनिंग, ग्रंथालयातल्या प्रती आणि बस-टॅक्सी मिळून १,८६० रुपये. अर्जाचे शून्य. चहाचे धरले नाहीत, बाईंनी मात्र ते नव्या वहीत धरले आहेत.

त्यानंतर सहा महिने काही नाही. फोन नाही, पत्र नाही. असंच असतं असं समजून चालायचं. ही वाट बघणं मला जड गेलं, बाईंना नाही. त्या दर बुधवारी नेहमीप्रमाणे मुलांची मराठीची शिकवणी घेत होत्या.

२५ जानेवारी २०२६, रविवार. संध्याकाळी आम्ही पुन्हा दुकानात जमलो. यादी आली. मी एकदा वाचली, मग माझ्या मुलीने वाचली, मग टॅक्सीवाल्याने बोट फिरवत वाचली. बाईंचं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. चाचांनी मशीनवरचा दिवा बंद केला आणि म्हणाले, "चला, बाईंकडे जाऊन सांगू. दुसरीकडून कळायला नको."

बाईंनी दार उघडलं, आमचे चेहरे बघितले आणि आधण ठेवलं. मग फायलीतून ते उर्दू पत्र मागून घेतलं. बाकी काही नको, हे एक माझ्याकडे राहू दे, म्हणाल्या. मी मूळ प्रत दिली, माझ्याकडे स्कॅन आहे. पत्र त्यांनी पेटीत वह्यांवर ठेवलं आणि तिथूनच एक कागद काढून माझ्या हातात दिला. पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या, दोन्ही बाजूंनी भरलेला. वर चाचांचं नाव.

"यांचं काढायला घे आता," बाई म्हणाल्या. "१९९३ च्या जानेवारीत दुकानाच्या माळ्यावर यांनी कुणाला आठ दिवस ठेवलं होतं ते माझ्या वहीत नाही. तेव्हा लिहिणं धोक्याचं होतं. आता विचार त्यांना."

चाचा मान हलवत होते, नको नको म्हणत. माझी मुलगी त्यांच्याजवळ सरकली आणि त्यांना जन्मतारीख विचारली.

"शाळेतली सांगू की खरी?"